खो

युनिव्हर्सिटीतून केर्स्टी आली
आणि ओजसच्या मनगटाला पट्टा बांधून गेली.
करडा, रबरी,
घड्याळासारखा, पण वेळ न सांगणारा.
सात दिवस काढायचा नाही म्हणाली,
आंघोळीलासुद्धा.
अशी मुलं दिवसभरात किती हलतात ते बघायचंय.

मुलं म्हणाली.
तेवीस वर्षांचा आहे तो.
दाढी मी करून देते.

सोमवारी क्लबची मिनीबस नादुरुस्त.
मंगळवारी सोबतीचा माणूस आजारी, बदली कुणी नाही.
बुधवारच्या पोहण्याला काटकसरीने खो घातला,
तलावाच्या दारावर तशी चिठ्ठी,
खाली पेनाने काढलेला हसरा चेहरा.

मग तो खिडकीशी बसला.
पुढे, मागे. पुढे, मागे.
टे नदीच्या पुलावर गाडी दिसली की जोरात,
गेली की सावकाश.

रात्री केर्स्टीचा मेसेज, टाळ्यांच्या चित्रासकट:
बुधवार, चार हजार एकशे बारा पावलं!

मी काही कळवलं नाही.
खुर्चीखालच्या लाकडात दोन चर पडलेत,
बोट बुडेल एवढे.
तेवढंच चालून आला होता तो.

कराडच्या शाळेत मी खो-खो खेळायचे.
ओळीत उकिडवं बसायचं, हात जमिनीला टेकून,
पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचं नाही.
थाप पडली की मात्र
कोण, कशाला, विचारायचं नाही.

डंडीला येऊन अठरा वर्षं झाली.
तो अजून बसलाय ओळीत,
तोंड खिडकीकडे करून.
सगळे मोजायला येतात.

शुक्रवारी रात्री त्याने दातांनी पट्टा सोडवला
आणि उशीखाली सरकवला.
मी पाहिलं.
पाहिलं नाही असं केलं.

शनिवारी आम्ही लॉ टेकडी चढलो.
म्हणजे तो तीन पावलं चढायचा, थांबायचा,
कुंपणाचा गज हाताळायचा.
एक, दोन, तीन, सात.
त्याच्या मोजणीत तीनानंतर सातच येतात,
कुठल्याही शाळेला ते बदलता आलं नाही.
वाऱ्याने डोळ्यांत पाणी.
दोनदा तो खाली बसला, एकदा चिखलात.
कुत्रा फिरवणारी एक बाई म्हणाली, गुड लॅड,
त्याला नाही, कुत्र्याला.

शेवटच्या चढावर माझाच गुडघा बोलायला लागला.
मी वाकून उभी, धापा टाकत.
आणि पाठीवर थाप पडली,
सपाट पंजाची, जरा जास्तच जोरात.

मी त्याला तो खेळ कधी सांगितलेला नाही.

वर, स्मारकापाशी, खाली सगळी नदी.
पुलावर गाडी आली, लांबलचक, बिनआवाजाची.
तो डोलला नाही.
दोन्ही पायांवर उभा राहिला
शेवटचा डबा पलीकडे जाईस्तोवर.
सात, म्हणाला.

संध्याकाळी केर्स्टीचा मेसेज:
शनिवार, शून्य.
पट्टा नीट बसलाय ना? काही अडचण?

मी कळवलं: हो,
माझा गुडघा.