हातचा

विषय बदलायची मुदत आज मध्यरात्रीपर्यंत.
सप्टेंबरातलं धुकं सरोवरावरून थेट खिडकीत,
आणि पडद्यावर दोन चौकोन, एकाच वेळेचे:
सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ.
उपयोजित संख्याशास्त्रात माझं नाव आहे.
रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये एक जागा दिसते आहे.

सल्लागार मिसेस ट्वाइट म्हणाल्या,
पीएच.डी. करायची तर हे, पगार हवा तर ते,
आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.
खुर्चीला अजून आधीच्या मुलीची ऊब होती.

अर्थशास्त्रानं पहिल्याच वर्षी शिकवलं:
कुठल्याही गोष्टीची किंमत म्हणजे
तिच्यासाठी सोडलेली दुसरी गोष्ट.
हे मी परीक्षेत तीनदा लिहिलंय, पाचपैकी पाच.
रात्री साडेनऊला कळतंय,
सोडलेल्या गोष्टीवर भावाची चिठ्ठी लावलेली नसते.

खोलीतली पाकू नखं रंगवता रंगवता म्हणते,
"आहेस तिथेच राहा. मिनियापोलिसच्या बँका
रिग्रेशन येणाऱ्याला दारातून उचलतात.
तिकडे काय? शून्य म्हणजे शून्यच, हे सिद्ध करायचं?"

तसंच काहीसं. बुधवारी मी चोरून त्या तासाला बसून आले.
प्राध्यापक साबो, बाहीभर खडू,
पन्नास मिनिटं एवढंच सिद्ध करत होते
की पेन्सिल न उचलता खालून वर नेलेली रेघ
मध्ये कुठेतरी अक्षाला शिवतेच.
मागून कोणीतरी म्हणालं, हे तर दिसतंच आहे.
साबो वळलेसुद्धा नाहीत.
म्हणाले, दिसण्यावर विसंबून पूर्वी बरेच जण बुडालेत.

मला मागणी-पुरवठ्याच्या सगळ्या रेघा आठवल्या.
दोन वर्षं मी त्यांच्या फुल्या मारत आले,
एकदाही न विचारता, भेटतात कशावरून?

दहाला बाबांना फोन केला.
तीस वर्षं टगबोटीवर,
हजार फुटी जहाजं डुलुथच्या खनिजगोदीला टेकवतात.
"कशातनं पोट भरेल?"
आहे त्यातनं, मी म्हटलं.
"आणि दुसऱ्यात काय आहे?"
काय सांगणार. म्हटलं, जवळ जाण्याची व्याख्या.
कोणी म्हणतं, मला इतकं जवळ आणून दाखव,
मग आपण सांगायचं, किती सांभाळलं की तेवढं जमेल.
तिकडे इंजिनाची घरघर. मग बाबा,
"हेच तर. कप्तान सांगतो किती जवळ,
मी सांगतो किती हळू.
आठ इंच म्हण, चार म्हण.
ह्याची फी घेतात?"

घेतात. कर्जाचे कागद उशाशी आहेत,
व्याजाचा दर तोंडपाठ,
शिवाय कॅल्क्युलसमधला तो बी वजा,
जो साबोंच्या तासाला येऊन शेजारीच बसेल.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, खरं आहे.
पण लहानपणी माझ्या बेरजा चुकायच्या त्या
हातचा धरायचा राहून.

अकरा चाळीसला संख्याशास्त्र सोडलं.
सोडल्याशिवाय दुसरं मिळत नाही, असा नियम.
पडदा फिरला, फिरत राहिला,
मग म्हणाला: जागा भरल्या. प्रतीक्षा यादी, क्रमांक तीन.
मागे गेले तर माझी जुनी जागाही
कोणीतरी उचललेली, चार सेकंदांत.
बाजार म्हणतात तो हाच असावा.
पाकू झोपली होती, ओल्या नखांची बोटं हवेत धरून.
मला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना.

सोमवारी आठला दाराजवळच्या खुर्चीत बसेन,
पिशवी मांडीवर घेऊन, उठवलं तर उठता यावं अशी.
साबो यादी वाचतील. माझं नाव येणार नाही.
वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय:
किती जवळ. किती हळू.
खाली बरीच जागा सोडली आहे.