पासंग

गुरुवारी दुपारी तीनला अदलाबदलीचं दार लागतं.
आत्ता एक वाजून दहा मिनिटं झालीत.
खिडकीबाहेर ईरी सरोवर पांढरं, टणक;
आत टेबलावर, लिंडक्विस्टच्या अर्धवट सँडविचशेजारी,
दोन माणसं कागदावर पडून आहेत.

एक टव्हारिस लेडबेटर, वय एकोणीस.
वाढत्या अंगाने बेतलेलं कापड.
त्याला मी शोधला, सॅगिनॉच्या एका शाळेत,
जिथे हीटर बंद होता आणि लोक कोट घालून मॅच बघत होते.
त्या संध्याकाळी त्याचे अकरा नेम चुकले, लागोपाठ.
अकराही वेळा तो मागे धावला,
आपल्या बास्केटखाली सगळ्यांच्या आधी पोचला,
जणू चूक दुसऱ्याच कुणाची
आणि निस्तरायची मात्र त्याने.
मी वहीत लिहिलं : मनगट कच्चं. घ्या.
दोन वर्षं झाली. मनगट अजून कच्चंच आहे.
एखाद्या रात्री पंचवीस गुण करतो,
पुढच्या तीन रात्री बाकावर बसून नखं खातो.

दुसरा डेझमंड प्रूइट. एकतीस पुरे.
गार्ड. मुरलेला. चेंडूकडे बघतच नाही,
जुना कारकून शिक्क्याकडे न बघता शिक्का मारतो तसा.
शेवटच्या दोन मिनिटांत, सगळं स्टेडियम उभं राहतं तेव्हा,
हा जांभई दिल्यासारखा फ्री थ्रो टाकतो.
आम्हाला आठवी जागा हवी आहे, दोन विजय कमी पडताहेत.
मालक चौऱ्याहत्तरचे. मार्चमध्ये ऑपरेशन.
ते म्हणतात, "उद्याचं मला कशाला दाखवता?"

पण एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत नाही.
डिसेंबरात, क्लीव्हलंडच्या हॉटेलात,
लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरताना
प्रूइट दिसला : कठडा धरून, आडवा,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत,
माझी आई शेवटच्या वर्षी उतरायची तसा.
त्याने मला पाहिलं. म्हणाला, "काय थंडी आहे, ना?"
मी म्हणालो, हो, फारच.
हे मी इथे अजून सांगितलेलं नाही.
सांगितलं तर म्हणतील, पोरगा तुझा, तू बोलणारच.
नाही सांगितलं तर
म्हणायला कुणी उरणारच नाही.

मग हिशेब. पगार दोन्हीकडे जुळावे लागतात,
आणि लेडबेटर हलका पडतो.
आकडे सांभाळणारी ग्रेटा बोट फिरवत यादीच्या तळाशी येते.
"टॉलिव्हर टाका. बरोबर बसतं."
कुणी मान वर करत नाही.

युजीन टॉलिव्हर. बाकावरचा अकरावा.
गेल्या मंगळवारी त्याला मुलगी झाली.
रविवारी सरावानंतर मला विचारत होता,
या गावात शाळा कुठली बरी,
पाच दिवसांच्या मुलीसाठी.

माझे आजोबा टोलेडोच्या बाजारात मासे विकायचे.
तराजूची दांडी जरा कलती,
म्हणून एका बाजूला तारेने खडा बांधलेला.
गिऱ्हाईक मासा बघे, आजोबा काटा बघत,
खडा फक्त मी बघायचो. तेवढीच माझी उंची.
एकदा विचारलं, याचं वजन किती?
हात पुसत म्हणाले,
"जेवढं कमी पडतं तेवढं."

लिंडक्विस्ट खुर्ची वळवतो.
"बोल बेडनार्स्की. घ्यायचा की नाही?"
मी तोंड उघडतो. गुडघा सांगायचा आहे,
तो कठडा, त्या पायऱ्या.
आणि निघतं ते असं :
"टॉलिव्हरला फोन कोण करणार?"

ग्रेटाचं पेन थांबतं.
लिंडक्विस्ट सँडविचचा उरलेला तुकडा उचलतो,
बघतो, परत ठेवतो.
एक वाजून बावीस मिनिटं.
जिना अजून माझ्या घशात आहे.