चाचणीफेरी

या डॉक्टर, सांभाळून, ही फळी हलते.
किमतीचं मागाहून बोलू. आधी हिच्या कुशीवरून हात फिरवा:
तेरा मीटर, सगळी कार्बनची,
पोटाखालून वारा जावा म्हणून मधोमध दुभंगलेली.
बेर्गामोत दात उपटताना तुम्हाला ज्या वेगाची स्वप्नं पडतात
तेवढ्या वेगानं ही नुसती आळस देते.
(हे वाक्य मी सगळ्यांना ऐकवतो.
गाव आणि धंदा तेवढा बदलतो.)

नाही, ते बर्फ नव्हे. संगमरवराच्या खाणी.
व्हियारेज्जोला आलेला प्रत्येक जण फसतो.

खुर्च्या दोन का?
शर्यतीची रीत, डॉक्टर.
एक सुकाणू धरतो, दुसरा थ्रॉटल.
एकाकडे दिशा, एकाकडे वेग.
संसारासारखं? छे.
संसारात माणूस रुसून दुसऱ्या खोलीत तरी जातो.

उघड्या समुद्रावर होडी धावत नाही, उडत जाते.
पंखे पाण्याबाहेर येतात आणि किंचाळतात,
अंधारात शेवटची पायरी संपल्यावर
आणखी एक आहे समजून टाकलेल्या पावलासारखे.
तेवढ्यात हात मागे घ्यायचा,
पाणी लागायच्या आत पुन्हा पुढे द्यायचा.
डोळ्यांचं काम नाही ते.
माकडहाडानं ऐकावं लागतं.
दीड तासात हजारदा.
एकोणीस वर्षं मी तेच केलं.

सुकाणूवर इल्दो, माझ्या बहिणीचा नवरा.
त्या दिवशी नैऋत्येचा वारा होता,
आमच्याकडे त्याला लिबेच्चो म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर थुंकतात.
एका लाटेवर माझा हात उशिरा मागे आला.
किती उशिरा?
पापणी मिटायला लागते, उघडायला नाही, तेवढा.
मग होडी पाठीवर. आत हिरवं पाणी.
नळीतली हवा मोजून काही मिनिटांची,
आणि त्या हिरव्यात इल्दोचा हात
स्वतःचा पट्टा सोडून माझ्या पट्ट्याची कडी चाचपणारा.

त्याच्या मणक्यात आता दोन खिळे आहेत.
नाताळला बहीण बोलावते, मी जातो,
तो मला मासा वाढतो, काटे काढून.
अकरा वर्षांत त्या लाटेबद्दल एक अक्षर नाही.
शिवी दिली असती तर मी ती
घरी नेऊन जपून ठेवली असती.

यातलं मी तुम्हाला काही सांगितलं नाही.
तुम्ही विचारलंत, डिझेल की पेट्रोल?
मी म्हणालो, पेट्रोल.
तुम्ही विचारलंत, किती पिते?
मी म्हणालो, विचारू नका, आणि आपण दोघं हसलो.

चला, सुकाणू तुम्ही घ्या. घट्ट नको,
चमच्यानं सूप पिता ना, तसं धरा.
थ्रॉटल माझ्याकडे राहू दे, विम्याचा नियम आहे.
(असा कुठलाही नियम नाही.)

धक्क्याच्या टोकाशी म्हातारे गळ टाकून बसलेले.
समुद्राकडे पाठ केलेली घडीची खुर्ची एकच.
मला ती अर्ध्या मैलावरूनही ओळखू येते.
पहिली उडी. दुसरी. तिसरी.
तुम्ही देवाच्या आईचं नाव घेतलंत.
चौथी, पाचवी, पाण्याला नुसती बोटं लावत.
मान वळवून पाहायला मला वेळ नव्हता.

बंदरात परतलो तेव्हा तुमचे गुडघे लटपटत होते
आणि तुम्ही म्हणालात, घेतली!
बयाणा आजच देतो, फक्त ती दुसरी खुर्ची काढून टाका,
एकट्यानंच चालवेन.
तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला.

इल्दो. तीनच शब्द.
'तिसरीला उशीर झाला.'

डॉक्टर, चेकबुक आत ठेवा जरा.
खुर्चीचं बघू, किमतीचंही बघू.
पट्टा बांधा.
आणखी एक फेरी मारून येऊ.
पेट्रोल माझं.