वीस मिनिटांची फेरी

खिडकीतल्या पोरानं विचारलं, किती जण?
दोन, मी म्हणालो.
(आमच्या कोल्हापुरात बायका म्हणालोच म्हणतात.
पुण्यात सोळा वर्षं काढली, तेवढं एक सुटलं नाही.)
दोन. मी आणि आप्पा.

आप्पांनी लाइफ जॅकेट घातलं नाही, पांघरलं,
थंडीत घोंगडं घ्यावं तसं.
याच रंकाळ्यात छातीएवढ्या पाण्यात उभं राहून
त्यांनी बावीस उन्हाळे जलपर्णी ओढली
रोजंदारीवर, ओल्या हजेरीपटावर अंगठ्याशेजारी सही करत.
पण पाण्यावर नुसतं बसायचं, आणि बसण्याचे पैसे द्यायचे,
हे काही त्यांच्या हातांना कळेना.
एकदा मांडीखाली, एकदा काखेत,
हात ठेवायला जागाच मिळेना.

बोट सुटली.
पुढच्या बाकावर इचलकरंजीचं नवं जोडपं,
मोबाइल धरायचा कोणी यावर त्यांचं पहिलं भांडण.
तौफिक सुकाणूशी, पाठ केलेलं सांगू लागला:
हितं आधी दगडाची खाण हुती बगा.
आणि त्यो पलीकडं नंदी,
रोज गव्हाभर पुढं येतो, तांदळाभर मागं जातो.
पाण्यात पोचला की जग बुडणार.

आप्पा पहिल्यांदा बोलले:
म्हणजे त्याच्या वाटेतला गाळ मीच काढत हुतो म्हण की.

मे महिना. पाणी खाली गेलेलं, काठ वर आलेला,
काळा, चौकोनी तुटलेला,
कुणी अर्ध्यावर जेवण सोडून उठावं
आणि ताट तसंच राहावं, तसा.
टाकीचे घाव अजून स्पष्ट. शेवाळ वाळून त्यांच्यात
हिरवट पिठासारखं बसलेलं.

ही थाळी, आप्पा म्हणाले.
ही सपाट शिळा. जेवायला हितंच बसायचो.
ती म्हशीची पाठ, घसरडी. गणपा दोनदा पडला.
आणि ती उभी, ती भांडकुदळ,
वारा आला की पाणी तिच्याशीच वाद घालतंय.

तौफिकनं इंजिन बारीक केलं.
असलं कुठल्याच माहितीत नव्हतं.
जोडप्यानं मोबाइल खाली घेतला.
संध्यामठाचे खांब पाण्यातून गुडघ्यावर उठल्यासारखे,
एक पाणकोंबडी, आणि डिझेलचा
इंद्रधनुष्यासारखा पसरत जाणारा डाग.

थाळीजवळ आलो तसा आप्पांनी हात बाहेर काढला.
काका, हात आत, बोट घासेल, तौफिक ओरडला.
पण तोवर हात दगडावर होता.
तापलेल्या दगडावर, सगळा पंजा,
जनावराच्या मानेवर ठेवतात तसा.
दगड चटकला असेल. त्यांनी काढला नाही.
बोटच हळूहळू पुढं गेली
आणि हात आपोआप सुटला.

काहीतरी विचारायला हवं होतं मी.
विचारलं, पाणी पिणार का?

मग परतीला, काठाच्या सावलीत,
एक एकटी जलपर्णी तरंगत आली,
जांभळं फूल, फुगलेले देठ,
इचलकरंजीची मुलगी म्हणाली, किती गोड!
आणि आप्पांनी न बघता,
खरंच न बघता,
माशी हाकलावी तशी ती मुळासकट उचलली.

उचलली, पण टाकायची कुठं?
काठावर ढीग नव्हता, मुकादम नव्हता.
पाण्यात परत टाकणं त्यांच्यानं होईना.
मुळ्यांतून थेंब त्यांच्या धुतलेल्या धोतरावर.

धक्क्यावर तौफिकनं हात दिला, त्यांनी घेतला नाही,
त्यांच्याजवळ रिकामा हातच नव्हता.

केएमटीत शेवटच्या सीटवर आम्ही दोघं,
मांडीवर ते ओलं झुडूप.
कंडक्टरनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं.
किती?
दोन, आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले:
हिचं तिकीट लागत आसंल तर तीन.