माप

रविवारी उपासना सुटली
की लोक चर्चच्या आवारात चहाला थांबतात.
शलोमीमावशी थांबत नाही.
तिच्या पिशवीत गीतांच्या पुस्तकाशेजारी
प्लास्टिकचा पसरट टप, खोबरेलाची बाटली,
जुन्या धोतराची फडकी
आणि नखं कापायची ती जाड कात्री,
मिरजेच्या दवाखान्यातून निवृत्त होताना
तिनं मागून घेतलेली.

सीपीआरच्या जनरल वॉर्डात
ती चेहऱ्यांकडे उशिरा बघते.
आधी पाय.
उसाच्या फडातले, गुऱ्हाळातले, फाउंड्रीतले,
नखं वाकून मांसात शिरलेले,
ज्यांच्यासाठी भेटीचा पास
कुणीच काढलेला नाही.
विचारत नाही. सरळ चादर बाजूला सारते.

पहिल्यांदा सोबत गेलो तेव्हा मी म्हटलं,
"प्रार्थना कधी करायची?"
"पाणी कोमट आहे का बघ आधी."

खाट अकरा. सिद्राम सातपुते, सुभाषनगर.
साखरेनं डाव्या पायाची दोन बोटं नेलेली.
"बाई, जलम गेला लोकांच्या पायाची मापं घेण्यात.
माझा पाय कोण हातात घेईल, वाटलं नव्हतं."
मावशी बेचक्यांतलं पाणी टिपत राहिली.
मग तो पंख्याकडे बघत बोलला,
"तुमच्या देवाला एक सांगशीला?
एका पोराला मी आखूड चप्पल दिलती. मुद्दाम.
बाप लई घासाघीस करत हुता, मला राग आलता.
म्हटलं, वापरून सैल हुईल.
न्हाई हुत. मला ठावं हुतं.
चाळीस वर्सं झाली,
ते पोरगं अजून लंगडत जातंय माझ्यापुढनं."

मला वाटलं, आता वचन निघणार.
तिनं तळहातावर तेल घेतलं,
टाचेच्या भेगेत जिरवलं.
"सांगते. पोराचं नाव?"
त्याला आठवेना.
"बरं. नुसतं पोरगं म्हणून सांगते."
डोळे मिटले तिनं. ओठ हलले नाहीत.
शेजारच्या खाटेवर कुणीतरी
मटकीचा डबा उघडत होतं.

पुढच्या रविवारी सिद्राम उठून बसलेला.
हातात औषधाच्या चिठ्ठीची कोरी बाजू,
सिस्टरकडून मागितलेली पेन्सिल.
"पाय द्या की वाईच."
"माझे? छे."
मावशी दोन पावलं मागं सरली.
इतकी वर्षं लोकांचे पाय धरणारी बाई
आपली टाच साडीखाली लपवत होती,
चोरी सापडल्यासारखी.
"माझे नाही हो. शोभत नाही."
"आन माझं शोभलं व्हय?"

तिनं चप्पल काढली.
अंगठ्याशी दोनदा शिवलेली, रबरी.
चिठ्ठीवर पाय ठेवला.
पेन्सिल टाचेपासून निघाली, वळणं घेत,
कुठे घाई नाही.
मावशीनं खाटेचा गज घट्ट धरला होता.
गुदगुल्या होत होत्या
की दुसरं काही, मला कळलं नाही.

चप्पल झाली नाही.
गुरुवारी खाट अकरावर दुसरा माणूस होता.
चिठ्ठी गादीखाली सापडली, सिस्टरनं जपून ठेवली.
एका बाजूला इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ.
दुसऱ्या बाजूला मावशीचा पाय,
करंगळीशी रेघ जराशी थरथरलेली.

ती त्यावर काही बोलत नाही.
रविवारी टप भरते, कोपर बुडवून पाणी बघते.
फक्त आता चादर सारण्याआधी
खाटेशी वाकून
हळूच विचारते,
"घेऊ का?"