वाळूतली बाटली

मी तिसरी मतदान अधिकारी. माझ्याकडे शाई.
बाटली वाळूच्या वाटीत रोवायची, कलंडू नये म्हणून.
पाचपावलीच्या शाळेत दिवसभरात
सातशे बारा बोटं.
एक अर्धंच होतं. "मागात गेलं," म्हणाल्या बाई,
"शेजारच्याला लावा."

घरी आले तेव्हा माझ्याच नखाला डाग.
गच्चीवरच्या खोलीतला मजोक,
फार्मसीचं तिसरं वर्ष, गाव मलाकालजवळ,
जिन्यात मान वाकवून उभा, डागाकडे बघत.
"मी एकदाच बुडवलंय," म्हणाला.
अठराला दोन महिने कमी होते,
मामानं वय वाढवून सांगितलं.
वेगळा देश हवा की नको, एवढाच प्रश्न.
आई पहाटे तीनपासून रांगेत,
रांगेतच नाचली.

देश मिळाला.
अडीच वर्षांनी बंदुका दारोदार फिरल्या,
आधी बोली विचारायच्या.
निवडणूक पुढे ढकलली. मग पुन्हा.
"तुमच्या विद्यापीठाच्या पेपरासारखी,"
मराठीतच म्हणाला, हसला.
मला हसता आलं नाही.

निकालाला आमच्या प्रभागात हेडाऊ पडले,
एकशे चाळीस मतांनी.
ढोमण्यांचा ढोल
हेडाऊंच्या फाटकासमोर थांबला,
जरा जास्तच वेळ.
वर दिवा मालवला गेला.
गेले बघायला. पलंगावर बॅग भरलेली:
पासपोर्ट, गुणपत्रिका, बूट.
"आज रात्री कुठे जातील ते?"
"कोण?"
"हरलेले."
"जातील कुठे? जेवतील. मशीनला शिव्या घालतील. झोपतील."
"आणि त्यांची माणसं?"
मला एक डिसेंबर आठवला, कर्फ्यूतला.
बोलले नाही.

सकाळी त्याला ओढतच नेलं
तर्रीपोह्याच्या गाडीवर.
हेडाऊ आलेले. कपाळ कोरडं, डोळे सुजलेले.
शेजारी ढोमण्यांचा पोरगा, कानात अजून गुलाल.
एकमेकांशी अवाक्षर नाही.
पण कांदा दोघं एकाच वाटीतून घेत होते.
"तर्री वाढ ना बे थोडी," हेडाऊ गाडीवाल्यावर खेकसले,
पोरानं आपली प्लेट सरकवून जागा केली.

मजोकचे पोहे थंड झाले.

त्या दिवशी त्यानं बॅग उपसली नाही.
बूट तेवढे बाहेर काढले,
गच्चीवर उन्हात ठेवले.
मी कपडे वाळत घालत होते,
बघितलंच नाही असं केलं.