पट्टीवरचं टिंब

काउनासमध्ये, अभिलेखागाराच्या तळघरात,
हीटरवर हातमोजे वाळत घालून बसते स्किरमांते.
पडद्यावर एक झाड,
मूळ वर, फांद्या खाली.

फांद्यांना नावं असतात: पत्र, परिच्छेद, तारीख, सही.
मजकूर म्हणजे पानं. त्यांना स्वतःचं नाव नसतं.
पानाला एवढंच विचारता येतं:
किती लांब आहेस, आत काय आहे.

आज्ञा मोजक्या.
शेवटी जोड. मध्ये घाल. इथून इतकी काढ.
काढून त्या जागी हे ठेव.
या अक्षरापाशी फोड, की एकाची दोन होतात,
शेजारी शेजारी, पाठोपाठची भावंडं.
मोजणी शून्यापासून. पहिलं अक्षर शून्यावर उभं,
हे अंगवळणी पडायला तिचा एक हिवाळा गेला.

पत्र एकशे बारावं.
इगार्का, मार्च एकोणपन्नास. उर्शुले, बहिणीस.
बरे आहोत. बटाटे मिळाले. धाकट्याला
आणि मग शाईची काळी पट्टी,
दोनदा फिरवलेली, कागद खरवडेपर्यंत,
आणि मग: झोप लागते.

पट्टीखाली नऊ अक्षरं, रुंदीवरून.
किंवा दहा, कारण पट्टीच्या वर
एक टिंब सुटलंय,
त्यांच्या 'ए'च्या डोक्यावर असतं तसं,
आणि ते टिंब यंत्र कधी कधी वेगळं मोजतं,
मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे.

पहिल्यांदा तिनं नऊ काढून टाकली होती.
पान मिटलं, पाण्यासारखं.
धाकट्याला झोप लागते.
कुठं खाच नाही, व्रण नाही,
किती गोड वाक्य!
ती उठून चहा करायला गेली, आणि परत येऊन
सगळं पूर्ववत केलं.

मग पान फोडलं,
दोन तुकड्यांच्या मध्ये एक रिकामी फांदी बसवली.
नाव: गाळलेले. कोणी: सेन्सॉर.
रात्री झाड एकसंध करणारी आज्ञा चालते,
ती लगतची पानं सांधते, पोकळ पानं झाडते.
फांदी आडवी आली की थांबते.

गुरुवारी दोमित्सेले आल्या, काठी टेकत,
उर्शुलेची मुलगी. पडदा त्यांनी नाकाजवळ ओढला.

"सेन्सॉर कसला? आईनंच खोडलं.
लिहिलं, वाचलं, खोडलं.
म्हणाली, मावशीचं हृदय नाजूक आहे.
दिवा मी धरला होता."

काय होतं तिथं?

"मला कुठं वाचता येत होतं तेव्हा."

स्किरमांतेनं सेन्सॉर पुसला, उर्शुले लिहिलं.
एवढंच. फांदी रिकामी ती रिकामीच.
टिंबाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

"आणि दिवा?" म्हातारीनं विचारलं.
दिव्यासाठी आमच्या यादीत खूण नाही, आजी.

पण टीप असते. तीही पानांच्याच जातीची,
जोडता येते, कापता येते, मोजता येते,
फक्त छापील पानावर उतरत नाही.
स्किरमांतेनं फांदीला खेटून टीप घातली:
दिवा दोमित्सेलेनं धरला. वय सात.

"साडेसहा," खांद्यामागून आवाज.

तिनं बोटानं अक्षरं मोजली, शून्यापासून,
सात काढून
त्या जागी साडेसहा ठेवले.